शर्यत संपल्यावर घोडा कुठे जातो?

१७ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर '७.३०' या कार्यक्रमात एक लांबलचक वृत्तांत दाखवला गेला. पत्रकार कॅरो मेल्ड्रम-हॅना यांनी केलेल्या या वृत्तांतात क्वीन्सलँडमधल्या एका कत्तलखान्यात छुप्या कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्यं होती. अरुंद वाटेतून पुढे ढकलले जाणारे घोडे, त्यांना बसणाऱ्या लाथा, विजेचे झटके, वर कामगारांच्या शिव्या. ऑस्ट्रेलियात घोड्याचं मांस निर्यात करणं बेकायदा नाही, त्यामुळे असा कत्तलखाना असणं ही काही बातमी नव्हती. हादरा बसला तो त्या घोड्यांची ओळख पटली म्हणून. काल-परवापर्यंत रेसकोर्सवर धावणारे, नावानिशी ओळखले जाणारे घोडे तिथे कापले जात होते.

ओळख पटली ती डागांमुळे. ऑस्ट्रेलियात शर्यतीसाठी जन्मलेल्या शिंगराच्या एका खांद्यावर पैदास करणाऱ्या फार्मची खूण डागतात. दुसऱ्या खांद्यावर अपूर्णांकासारखे एकाखाली एक दोन आकडे असतात. वरचा आकडा म्हणजे त्या हंगामात त्या फार्मवर जन्मलेल्या शिंगरांमधला त्याचा क्रमांक आणि खालचा म्हणजे जन्मसालातला शेवटचा अंक. वर १२ आणि खाली ३ दिसले, तर ते २०१३ च्या हंगामातलं बारावं शिंगरू. ही खूण नोंदवहीशी ताडून पाहिली की घोड्याचं नाव, आईबाप, तो धावलेल्या शर्यती, जिंकलेली रक्कम, सगळं हाती येतं. पत्रकारांनी नेमकं हेच केलं. पडद्यावर एखादा घोडा कत्तलीच्या रांगेत दिसायचा आणि लगेच त्याचं शर्यतीतलं नाव आणि कमाई सांगितली जायची.

घोड्यांच्या शर्यतीतल्या प्राणिकल्याणावर गेली काही वर्षं जगभरच्या माध्यमांतून जो वाद चालू आहे, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा मला हाच वाटतो. त्याआधीही घोडे मरत होते, निदर्शनं होत होती, अग्रलेख लिहिले जात होते. पण चर्चा व्हायची ती मैदानात पडलेल्या घोड्याची. मैदान सोडल्यानंतरच्या घोड्याचा माग फारसा कोणी घेतला नव्हता.

शर्यतीच्या धंद्याचा दावा होता की निवृत्त घोड्यांपैकी एक टक्कासुद्धा कत्तलखान्यात जात नाहीत. ऑस्ट्रेलियात दरवर्षी शर्यतीसाठी साधारण १३,००० शिंगरं जन्मतात. त्यांतली काही धावतच नाहीत, बरीचशी पाच-सहा वर्षांची होईतो निवृत्त होतात. घोडा सहज पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे दरवर्षी हजारो तरुण, धडधाकट घोडे उरलेल्या वीस वर्षांसाठी कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहतात. त्यांच्यातले एक टक्का म्हणजे वर्षाला शंभर-सव्वाशे. एबीसीच्या वृत्तांतात मात्र एकाच कत्तलखान्यात २२ दिवसांच्या चित्रणात शर्यतीचे सुमारे ३०० घोडे मोजले गेले होते.

एवढी तफावत असूनही कोणी धडधडीत खोटं बोललं होतं असं म्हणायची गरज नाही. नोंद ठेवण्याची पद्धतच तशी होती. घोडा निवृत्त झाला की शेवटचा मालक किंवा प्रशिक्षक अर्ज भरायचा: पैदाशीसाठी ठेवला, रपेटीसाठी दिला, विकला. तो घोड्याचा पहिला मुक्काम. पुढे नव्या मालकाने तो कोणाला दिला, तिसऱ्याने बाजारात किती किलोच्या भावाने विकला, हे लिहून घेणारं कोणी नव्हतं. न्यू साउथ वेल्स राज्यात तर शर्यतीचे घोडे कत्तलीला पाठवायला २०१७ पासून नियमाने मनाई होती. पण शर्यतीच्या संस्थेचा नियम शर्यतीशी संबंधित लोकांनाच लागू. घोडा एकदा बाहेरच्या माणसाच्या हाती गेला, किंवा राज्याची हद्द ओलांडून क्वीन्सलँडला पोचला, की नियमाचा हात तिथवर पोचत नाही.

वृत्तांतावर उलट हल्लाही जोरात झाला. सिडनीत दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, 'द एव्हरेस्ट' ही १ कोटी ४० लाख डॉलर बक्षिसाची शर्यत होती आणि मेलबर्न कप तीन आठवड्यांवर आला होता. मुहूर्त साधून बदनामी केली, असं शर्यतवाल्यांचं म्हणणं पडलं. रेसिंग न्यू साउथ वेल्सचे प्रमुख पीटर व्हलांडिस यांनी एबीसीवर बदनामीचा दावा ठोकला. आपली मुलाखत घेताना कत्तलखान्यातली दृश्यं दाखवलीच नाहीत, त्यामुळे आपण छळाकडे कानाडोळा करणारे ठरलो, ही त्यांची तक्रार होती. फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये दावा फेटाळला. पुढचं अपीलही २०२३ मध्ये फेटाळलं गेलं.

मला इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावेसे वाटतात. ज्याला जाब विचारायचा त्याला पुरावा आधी दाखवायला हवा होता का? माझ्या मते हवा होता. तो दाखवला असता तर वृत्तांत आणखी भक्कम झाला असता, कारण मग उत्तर टाळायला जागाच उरली नसती. पण या तक्रारीने खांद्यावरचे डाग पुसले जात नाहीत. महिनोन्महिने चर्चा मुलाखतीच्या शिष्टाचारावर रेंगाळली आणि ते ३०० घोडे बाजूला पडले.

हा वृत्तांत एबीसीनेच का केला, यालाही कारण आहे. एबीसी सरकारी निधीवर चालते, तिच्या दूरचित्रवाणीवर जाहिराती नसतात. बाकी माध्यमांचं शर्यतीशी पोटापाण्याचं नातं आहे. नेटवर्क टेन या खासगी वाहिनीने २०१९ पासूनच्या पाच वर्षांसाठी मेलबर्न कपचे प्रक्षेपणहक्क सुमारे १० कोटी डॉलरना घेतले होते. वृत्तपत्रं घोड्यांच्या कामगिरीचे तक्ते पानंच्या पानं छापतात, सट्टा घेणाऱ्या कंपन्या जाहिरातींवर पैसा ओततात आणि कपच्या दिवशी निम्मी जागा टोप्या, पोशाख आणि पाहुण्या तारकांनी भरते. शर्यतीचं वार्तांकन करणारे पत्रकार घोड्यांवर जीव लावणारे असतात, त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण ज्या पागेतून रोज बातमी मिळवायची, तिथल्या निवृत्त घोड्यांचा हिशेब मागणं त्यांना जड जातं. त्यामुळे असे प्रश्न बहुतेक वेळा बाहेरून येतात. 'कोअलिशन फॉर द प्रोटेक्शन ऑफ रेसहॉर्सेस' ही छोटी संघटना पंचांचे अधिकृत अहवाल चाळून दरवर्षी मैदानावर मेलेल्या घोड्यांची यादी काढते. देशभरचा तो आकडा अलीकडच्या वर्षांत सतत शंभराच्या वर राहिला आहे. या मृत्यूंची पहिली नोंद शर्यतीच्या संस्थांच्याच कागदांत असते. एकत्र बेरीज तेवढी बाहेरच्यांनी केली.

मेलबर्न कप शर्यतीतले मृत्यू मात्र कोणी मोजावे लागत नाहीत. १८६१ पासून चालत आलेली ही शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी फ्लेमिंग्टनला होते, मेलबर्नला त्या दिवशी सुट्टी असते आणि सारा देश पडद्यापुढे बसतो. २०१३ मध्ये व्हेरेमा या घोडीचा पाय मोडला. २०१४ मध्ये सर्वाधिक पसंतीचा जपानी घोडा ॲडमायर राक्ती शेवटचा आला आणि ठाणाशी पोचल्यावर हृदय बंद पडून कोसळला. त्याच शर्यतीनंतर प्रेक्षकांतल्या एका झेंड्याला बुजून अराल्डोने कुंपणाला लाथ मारली, पाय मोडून घेतला आणि त्यालाही मारावं लागलं. २०१५ मध्ये रेड कादो जखमी झाला आणि पुढे काही आठवड्यांनी गेला. २०१८ मध्ये द क्लिफ्सऑफमोहरचा खांदा मोडला. २०२० मध्ये महामारीमुळे मैदान रिकामं असताना, आदल्या वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेला अँथनी व्हॅन डाइक पाय मोडून संपला. आठ वर्षांत सहा घोडे.

अशा वेळी हटकून विचारलं जातं, पाय मोडला म्हणून जीव का घ्यायचा? प्लास्टर घाला, वर्षभर सांभाळा. या प्रश्नाचं उत्तर घोड्याच्या शरीरात आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय या वादात कोणाचीच बाजू नीट कळत नाही.

शर्यतीचा घोडा पाचशे किलोच्या आसपास असतो. भरधाव धावताना एका क्षणी त्याच्या एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीचपट भार येतो. गुडघ्याखाली या पायात मांसल भाग नाहीच. नळीचं हाड, त्याला लागून स्नायुबंध आणि वर कातडं. पाय हलका असल्यामुळेच घोडा इतक्या वेगाने धावतो. पण मोडलं तर हाड कातडी फाडून बाहेर येतं, रक्तवाहिन्या तुटतात आणि जखम भरायला लागणारा रक्तपुरवठा तिथे मुळातच कमी असतो. माणसासारखं महिनाभर आडवं पडून राहणं घोड्याला जमत नाही. इतक्या वजनाखाली त्याच्या फुप्फुसांना आणि स्नायूंना इजा होते. म्हणून तो तीन पायांवर उभा राहतो आणि धडधाकट पायांच्या खुरांवर जास्तीचा भार पडतो. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना जोडणारे पातळ पदर त्या भाराने सुजतात, सुटतात आणि हाड खुराच्या आत खचू लागतं. ही वेदना थांबवण्याजोगा उपाय पशुवैद्याच्या हाती फारसा नसतो.

अमेरिकेत २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोच्या बाबतीत प्रयत्नांची कसूर राहिली नव्हती. दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय वीसहून अधिक ठिकाणी मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात डीन रिचर्डसन या शल्यविशारदाने पट्टी आणि २७ स्क्रू घालून पाय जोडला. देशभरातून लोकांनी फुलं, सफरचंदं, पत्रं पाठवली. प्रकृतीच्या बातम्या रोज दिल्या जात. मोडलेला पाय बऱ्यापैकी जुळत आला. पण दुसऱ्या मागच्या पायाचा खूर गेला आणि अखेर पुढच्या दोन्ही पायांनाही त्याच विकाराने धरलं. २९ जानेवारी २००७ ला त्याला वेदनांतून मोकळं करण्यात आलं. मैदानावर पशुवैद्य पाचच मिनिटांत निर्णय घेतो तेव्हा तो निर्दय असतो असं म्हणणाऱ्यांनी बार्बारोचे ते आठ महिने आठवावेत.

पण इथेच थांबलं, तर पाय मोडणं म्हणजे निव्वळ दैव ठरतं आणि शर्यतवाल्यांची बाजू अर्धी मान्य होते. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन होतं. त्यातून आणि नंतरच्या संशोधनातून दिसलं की जीवघेणं मोडलेलं हाड बऱ्याचदा आधीपासून थकलेलं असतं. एखादी तार एकाच ठिकाणी वाकवत राहिलं की ती तुटण्याआधी तिथे कमजोर होते, तसं. सरावाच्या प्रत्येक धावेत हाडात सूक्ष्म तडे पडतात, विश्रांती मिळाली तर शरीर ते भरून काढतं, नाही मिळाली तर तडे जुळून भेग होते. म्हणजे शर्यतीतल्या त्या एका पावलामागे अनेक आठवड्यांचा सराव असतो. कोणत्या घोड्याला किती धावायला लावलं, वेदनाशामक देऊन किती वेळा उभं केलं, हे माणसांनी घेतलेले निर्णय असतात. 'दुर्दैवी अपघात' हे शब्द माध्यमांनी इतक्या सहज वापरू नयेत, असं मला वाटतं ते यासाठी.

कॅमेऱ्याला काय दिसतं यावर सुधारणा किती अवलंबून असते, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या एन्ट्री गावच्या ग्रँड नॅशनलने दिलं. ३० अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या या शर्यतीत घोडा पडला की चटकन हिरवे पडदे लावतात. २०११ मध्ये मात्र दुसऱ्या फेरीला घोडे दोन अडथळ्यांना वळसा घालून गेले आणि वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ताडपत्रीने झाकलेली दोन कलेवरं घरोघरी दिसली. बीबीसीवर तक्रारींचा पाऊस पडला. पुढच्या वर्षी आणखी दोन घोडे गेले. मग अडथळ्यांचा लाकडी गाभा काढून लवचीक प्लास्टिकचा बसवला, उतरणीची जमीन सपाट केली. २०२३ मध्ये 'ॲनिमल रायझिंग' या गटाचे कार्यकर्ते मैदानात घुसले, शंभराहून अधिक लोकांना अटक झाली, शर्यत चौदा मिनिटं उशिरा सुटली आणि पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन हा घोडा मेला. त्याचे प्रशिक्षक म्हणाले, गोंधळामुळे घोडा बिथरला होता. आंदोलक म्हणाले, शर्यत नसती तर घोडा जिवंत असता. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एकाच मृत्यूच्या या दोन कथा शेजारी शेजारी होत्या आणि प्रत्येक वाचकाने आपल्याला हवी ती उचलली. २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली गेली.

चाबकाचंही तसंच. तो शेवटच्या चारशे मीटरांत, प्रेक्षागृहासमोर, कॅमेऱ्यापुढे चालतो, म्हणून त्यावर नियमही सर्वांत जास्त. ऑस्ट्रेलियात २००९ पासून मऊ वेष्टनाचा चाबूक सक्तीचा आहे आणि शेवटचे शंभर मीटर येईपर्यंत पाचच फटक्यांची मुभा आहे. त्यापुढे संख्येला बंधन नाही, हे मात्र विचित्र. तोवर घोडा सगळ्यात जास्त दमलेला असतो. सिडनी विद्यापीठाचे पशुवैद्यक पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की फटक्यांनी शेवटच्या टप्प्यातला वेग वाढत नाही. त्यांच्या २०२० च्या अभ्यासात घोड्याच्या कातडीचा वरचा थर माणसाच्या थराहून जाड नाही आणि वेदना टिपणारे मज्जातंतूही माणसाच्या तोडीचे आहेत, असं आढळलं. नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीत चाबूक मारायला बंदी घातली. तिथे आजही शर्यती होतात.

२०१९ च्या वृत्तांतानंतर काही हाललं का? हो. व्हिक्टोरिया राज्याच्या शर्यत संस्थेने तीन वर्षांत २.५ कोटी डॉलर घोड्यांच्या कल्याणावर खर्चायचं जाहीर केलं. क्वीन्सलँड सरकारने चौकशी नेमली आणि जानेवारी २०२० मध्ये तिचा अहवाल आला. अँथनी व्हॅन डाइक गेल्यावर मेलबर्न कपसाठी येणाऱ्या परदेशी घोड्यांच्या पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं झालं. घोड्याला झोपवायला लागू नये म्हणून उभ्या उभ्या स्कॅन करणारं यंत्र मेलबर्नजवळ वेरिबीला आलं. नियम इतके कडक की २०२१ मध्ये परदेशातून दोनच घोडे आले.

या नियमाची खरी परीक्षा २०२४ मध्ये झाली. प्रशिक्षक एडन ओब्रायन यांचा यान ब्रूगल हा घोडा कपचा प्रबळ दावेदार होता. स्कॅनमध्ये पशुवैद्यांना धोका दिसला आणि त्याला बाद केलं. ओब्रायन यांच्या गोटातून संताप व्यक्त झाला, घोडा ठणठणीत आहे असं ठासून सांगितलं गेलं. पुढच्या जूनमध्ये त्याने एप्सम इथे कोरोनेशन कप जिंकला. मग स्कॅन चुकलं म्हणायचं का? स्कॅन धोक्याचा अंदाज देतं, भाकीत करत नाही. अशा धोक्यासाठी समजा दहा घोडे थांबवले, तर त्यातले आठ-नऊ कदाचित धावूनही वाचले असते. एकाला वाचवण्यासाठी बाकीच्यांची संधी जाणं ज्यांना मान्य नाही, त्यांनी तो एक घोडा मरायला हरकत नाही असं स्पष्ट म्हणावं. मी पशुवैद्यांच्या बाजूने आहे.

आपल्याकडे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासूनचं. जमिनीचा ९९ वर्षांचा करार २०१३ मध्ये संपला आणि २०२४ मध्ये १२० एकर जागा उद्यानासाठी द्यायचं ठरलं. या सगळ्या काळात मुंबईच्या वृत्तपत्रांनी भरभरून लिहिलं ते जमिनीवर. बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात, २०१४ ची बंदी ते मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, निदान बैलाच्या वेदनेवर न्यायालयात आणि वाहिन्यांवर खडाजंगी झाली. रेसच्या घोड्याच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

आणि तरी निवृत्त घोड्याची एक गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विषाची किंवा जंतुविषाची मात्रा थोडीथोडी टोचायची, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की रक्त काढून त्यातून धनुर्वातावरची आणि सर्पदंशावरची औषधं बनवायची, अशी ती पद्धत. हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. ही कथा आपण उद्योजकतेची म्हणून कितीदा वाचली आहे. त्या घोड्यांच्या बाजूने ती वाचायची राहिली: किती वर्षं रक्त काढत, मधे किती विश्रांती मिळे, शेवट कुठे होई. सापाच्या विषावरचं औषध आजही घोड्यांच्याच रक्तातून येतं आणि शेतात दंश झालेल्या माणसाला तेच वाचवतं. म्हणून हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण औषध हवं आणि घोड्याचा हिशेबही हवा, यात विरोध कुठे आहे?

ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने डिसेंबर २०१९ मध्ये शिफारस केली ती सर्व घोड्यांच्या एकाच राष्ट्रीय नोंदवहीची: जन्म, प्रत्येक मालकबदल आणि मृत्यू, राज्याच्या हद्दी ओलांडूनही. मानेत सूक्ष्म चिप आधीपासून असतेच, तेव्हा अडचण तंत्राची नाही. घोडा विकत घेणाऱ्या चौथ्या-पाचव्या माणसानेही अर्ज भरला पाहिजे आणि कत्तलखान्याने चिप वाचल्याशिवाय घोडा आत घेता कामा नये, एवढी सक्ती करायची आहे. मुंबई-पुण्याचा नवा हंगाम सुरू होताना शर्यती भरवणाऱ्या क्लबला आपल्या वार्ताहरांनीही याच नोंदवहीबद्दल विचारावं: गेल्या हंगामात किती घोडे उतरले, किती मैदानावर गेले, किती निवृत्त झाले आणि आज ते कोणाच्या दारात आहेत.